मिसेस कोपेकींचं घड्याळ

आमच्या गावात आर्डिथ कोपेकींना फसवी म्हणणारी माणसं दोन. चार वर्षांपूर्वी रसेल हूक्स्ट्रा म्हणाला आणि या फेब्रुवारीत मी. आम्ही दोघंही त्यांच्या शाळेच्या बसमध्ये बसून लहानाचे मोठे झालो, त्यामुळे आम्हाला लाज जास्त वाटायला हवी होती.

मिसेस कोपेकींनी एकतीस वर्षं बस चालवली. सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी आमच्या फाटकाशी बस यायची आणि सात वाजून तेरा मिनिटांनी निघायची. एकदा मी एका पायात बूट घालून धावत आलो, तर त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला. आईने फोन करून तोंड सोडलं. त्या म्हणाल्या, "लोइस, पुढच्या वळणावर सहा पोरं थंडीत उभी असतात. त्यांना मी काय सांगू?" आईचा फोन तिथेच संपला.

निवृत्त झाल्यावर पक्षाने त्यांना आमच्या वॉर्डाच्या सभेचं अध्यक्ष केलं. देशाच्या अध्यक्षपदासाठी पक्षाने कोणाला उभं करावं, हे आमच्या आयोवा राज्यात दर चार वर्षांनी अशा सभांमधून ठरतं. शाळेच्या जिममध्ये जमायचं आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं. मग मुंडकी मोजतात. ज्याच्या कोपऱ्यात शंभरातले पंधरासुद्धा नाहीत, तो बाद. सातला दार बंद होतं आणि नंतर आलेला बाहेर राहतो.

आता त्या जिममधलं घड्याळ. बास्केटबॉलच्या जाळीच्या वर टांगलेलं ते सात मिनिटं मागे चालायचं, आणि हे गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी बर्फात अडकून वृद्धाश्रमाची गाडी सात वाजून पाच मिनिटांनी पोहोचली. आत अकरा म्हातारी माणसं, सगळी सेनेटर थॉर्सनबाईंची. मिसेस कोपेकींनी मनगटावरचं घड्याळ पाहून दार लावलेलं होतं. थॉर्सनबाईंच्या गटाचा पुढारी रसेल, गावातला विमा एजंट, भिंतीकडे बोट दाखवून ओरडला, "अजून दोन मिनिटं आहेत! सरकारी घड्याळ हेच! नव्वद वर्षांच्या माणसांना दारात उभं करता? फसव्या आहात तुम्ही!"

आणि आम्ही, गव्हर्नर मॅकब्राइडची माणसं, काय करत होतो? टाळ्या वाजवत होतो. "नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, आवाज मोठा आहे. "त्या घड्याळाला कोण विचारतो? ते माझ्या आजोबांपासून मागे आहे!"

मिसेस कोपेकी कोणाशीच भांडल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्या वृद्धाश्रमात गेल्या, अकराही जणांना भेटल्या आणि दार मीच लावलं असं प्रत्येकाला सांगितलं. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

यंदा मॅकब्राइड पुन्हा उभे राहिले आणि मिसेस कोपेकींच्या अंगणात पुन्हा त्यांची पाटी लागली. त्या आमच्याच. पण जानेवारीत त्यांनी रसेलला आणि मला लुथरन चर्चच्या तळघरात कॉफीला बोलावलं.

"सभेसाठी चर्चची बस मी मागितली आहे," त्या म्हणाल्या. "सव्वापाचला वृद्धाश्रम, सव्वासहाला अंड्यांच्या कारखान्याचं फाटक. कोणीही बसावं, कोणाचाही असो."

वृद्धाश्रमातली माणसं रसेलच्या कोपऱ्यातली, कारखान्यातली माझ्या. सहाला पाळी सुटली की तिथून नऊ जण माझ्या कोपऱ्यात येणार होते, त्यात मिसेस कोपेकींची मुलगी नोरीनही.

"आणि वेळ माझ्या घड्याळाची," त्या म्हणाल्या. आम्हा दोघांची घड्याळं त्यांनी स्वतः जुळवली आणि कागदावर सह्या घेतल्या. मी सही केली, रसेलनेही केली. बाहेर पडताना तो मला म्हणाला, "कर्टिस, तुझी माणसं माझ्या म्हाताऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसणार म्हण की!"

ते मला झोंबलं. मी कारखान्यात जाऊन सगळ्यांना सांगितलं, त्या बसमध्ये बसायचं नाही, रसेलची माणसं वाटभर कान भरतील. माझा मेहुणा तीन पिकअप घेऊन येईल.

सभेच्या दिवशी बस पावणेसातला बरोबर आली. सगळी म्हातारी मंडळी उतरली, मागच्या अर्ध्या जागा रिकाम्या. मिसेस कोपेकींनी त्या जागांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

सातला त्यांनी दार लावलं. सात वाजून चार मिनिटांनी तीन पिकअप आल्या. एक ओढ्याजवळ बर्फात रुतली होती आणि बाकीच्या दोन तिला ओढत बसल्या होत्या. दाराच्या काचेपाशी नऊ जण, सर्वांत पुढे नोरीन, डोक्याला अजून कारखान्याची जाळी.

मी भिंतीकडे बोट दाखवून ओरडलो. "तीन मिनिटं आहेत अजून! सरकारी घड्याळ हेच! दिवसभर राबून आलेली माणसं आहेत ती!"

पलीकडून रसेल गरजला, "नियम म्हणजे नियम! त्या घड्याळाला कोण विचारतो?"

शपथेवर सांगतो, आपण एकमेकांची वाक्यं म्हणतोय हे त्या क्षणी ना त्याला कळलं, ना मला.

"मिसेस कोपेकी, तुमची सख्खी मुलगी आहे ती!" मी म्हणालो. "माझ्या कोपऱ्यात सोळा आहेत, तुमच्यासकट सतरा. अठरा लागतात. एक माणूस! एकच आत घ्या!"

"कर्टिस, तुझी सही आहे."

"तुम्ही आमच्या आहात की त्यांच्या? फसव्या आहात तुम्ही!"

मिसेस कोपेकींनी काचेतून नोरीनकडे पाहिलं, मग वळून मोजणी केली. सगळी मिळून एकशे एकोणीस माणसं. आमच्या कोपऱ्यात येऊन स्वतःलाही मोजलं, आणि ठणठणीत आवाजात वाचून दाखवलं, "मॅकब्राइड, सतरा. बाद." ज्या माणसासाठी त्या हिवाळाभर दारोदार फिरल्या होत्या, त्याचं नाव त्यांनी स्वतः खोडलं.

मी तरातरा बाहेर पडलो. वाटलं, नऊ जण माझ्या बाजूने भडकलेले असतील. नोरीन गोठलेले हात काखेत घालून उभी होती.

"पाहिलंस तुझ्या आईने काय केलं?" मी म्हणालो.

"आईने काय केलं? सव्वासहाला बस आमच्यासमोर दार उघडून उभी होती, कर्टिस. आत गरम होतं. आई म्हणाली, बसा. आणि मी म्हणाले, कर्टिसने नको सांगितलंय." तिने डोक्यावरची जाळी ओढून काढली. "पहिल्यांदा आम्ही दोघी एका कोपऱ्यात उभ्या राहणार होतो."

मी मान खाली घालून माझ्या गाडीकडे निघालो.

आठवडाभर मी तोंड लपवून होतो. मग एका दुपारी दुकानातली उंच शिडी आणि नवं घड्याळ घेऊन शाळेत गेलो. मिसेस कोपेकींनाही बोलावलं, कारण वेळ त्यांच्याकडूनच घ्यायची होती. त्या आल्या आणि शिडी धरून उभ्या राहिल्या. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. मी वर चढलो. खाली बघायचं नसलं की बोलणं सोपं जातं.

"मी तुम्हाला फसवी म्हणालो."

"हो. रसेलही म्हणाला होता. शब्दसुद्धा तोच."

"मग तुम्ही आम्हाला काही बोलत का नाही?"

"एकतीस वर्षं पोरांची बस चालवली रे मी. पुढे कोण बसणार यावरून तुम्ही दोघं रोज मारामारी करायचात. तेव्हाही मी रस्त्याकडेच बघायचे."

मी जुनं घड्याळ उतरवलं आणि विचारलं, "किती वाजले?"

"तीन वाजून चाळीस. थांब... आता एकेचाळीस."

मी काटे लावले. खाली उतरलो तेव्हा त्या दाराच्या काचेकडे बघत होत्या, जिथे नोरीन उभी होती तिकडे.

"नोरीन बोलते का तुमच्याशी?" मी विचारलं.

"रविवारी जेवायला आली होती." त्यांनी शिडीचं एक टोक उचललं. "पुढच्या वेळी म्हणाली बस ती चालवणार. मी म्हटलं चालव, पण कर्टिस उशिरा आला तर थांबायचं नाही."