किक नसलेल्या गाड्या

महिन्याच्या सुरुवातीला आमच्या ह्यांना पेपरात एकच बातमी हवी असायची: गेल्या महिन्यात देशात कुठल्या प्रकारच्या किती गाड्यांची नोंदणी झाली. मोपेड किती, मोटरसायकली किती, स्कूटर किती. चहा गार होऊन जायचा. मी चिडायचे, "अहो, आकड्यांनी पोट भरतं का?" तर म्हणायचे, "आपलं भरतं."

खोटं नव्हतं ते. अंबत्तूरला आमची भाड्याची शेड होती, त्यात लोखंडाचे सुटे भाग ठोकून काढणारी एक प्रेस. लग्न होऊन मी साताऱ्याहून चेन्नईला आले, तेव्हा हे मोपेडची पॅडल बनवायचे. पॅडलवाल्या मोपेड मागे पडल्या तरी ह्यांनी हाय खाल्ली नाही. मोटरसायकलच्या किकचे दांडे करायला घेतले. आमची मुलगी त्या दांड्यांवर इंजिनियर झाली.

मग गाड्या बटणावर सुरू व्हायला लागल्या, आणि आता विजेच्या आल्या. विजेच्या गाडीला किक मारणार कुठं, कपाळ! ऑर्डरी आटत गेल्या. ह्यांचा आकड्यांवर विश्वास बसेना, म्हणून हा माणूस वेलचेरीच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एकेका दुचाकीपाशी वाकून बघायला लागला, किक आहे का. एकदा शेजारच्या सोसायटीत शिरले, तर वॉचमनने पेट्रोलचोर समजून दंडाला धरून घरी आणलं. मी त्याला माझ्या मोडक्या तमिळमध्ये चांगलं फैलावर घेतलं. दार लावल्यावर हे म्हणाले, "फारच थोड्या उरल्यात गं." एरवी मी हसले असते. त्या दिवशी मला रडू आलं.

यंदा नवरात्राच्या तोंडावर प्रेस भंगारात गेली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेडची किल्लीही मालकाला दिली. इथली आयुधपूजा तीच आपली खंडेनवमी. दरवर्षी प्रेसला हार घालून सगळ्यांना चुरमुरे वाटायचो. यंदा घरातच विळी न् कात्री मांडून कसंबसं उरकलं.

आणि नेमकी त्याच दिवशी मुलीने स्वतःच्या पगारातून घेतलेली स्कूटर दारात आली. हिरव्या पाटीची, विजेची. तिचं काय चुकलं? पेट्रोल परवडतंय कुणाला? इथल्या रीतीप्रमाणे चाकांखाली लिंबं ठेवली. पोर म्हणाली, "बाबा, पहिली चक्कर तुम्ही मारा."

मारली. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. मला वाटलं, काहीतरी खोट काढतील, निदान चार शिव्या तरी घालतील. कसलं काय! "झकास आहे गाडी," म्हणाले आणि पोरीच्या पाठीवर थाप मारली. पोर खुशीत जिना चढून वर गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "दसरा झाला की मी सकाळी कुठं जाऊ गं?"

मी म्हटलं, "हात धुवा, पानं वाढते."