काकांसाठी लावलेला कूलर

आजही कुठे कूलरच्या ओल्या खसचा, म्हणजे वाळ्याचा, वास आला की मला आधी गार वाटतं आणि मग थोरल्या काकांची चीड येते.

बाबा नोकरीला होते ती गाझियाबादची फॅक्टरी अचानक बंद पडली, त्या उन्हाळ्यात आईने कूलर फक्त पाहुण्यांपुरता ठेवला. एरवी आम्ही अंगावर ओला पंचा घेऊन पडायचो. काका दर रविवारी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून यायचे, तेही उपदेश करायला. कूलरसमोरची खुर्ची अडवून दोन ग्लास पन्हं रिचवायचे आणि बाबांना ऐकवायचे, "तरी मी सांगत होतो, सरकारी नोकरी बघ." बाबा खाली मान घालून बसायचे.

एका रविवारी त्यांचं लक्ष कूलरकडे गेलं. "अरे यार, पगार नाही आणि हा चालू? काटकसर शिक जरा!"

"बिल्कुल बरोबर, दादा," म्हणत आईने उठून बटण बंद केलं.

थोड्याच वेळात काकांचा शर्ट पाठीला चिकटला आणि त्यांना एकदम काम आठवलं. ते पुन्हा त्या उन्हाळ्यात फिरकले नाहीत.

तेव्हा मी आईवरच चिडलो होतो, कारण आठवड्यातली तेवढीच गार हवा गेली. आता कळतं, घरातला सगळ्यात फालतू खर्च तिने त्या दिवशी बंद केला, आणि तो विजेचा नव्हता.