चाकांना हार घालणारे ड्रायव्हरमामा

दसऱ्याला आमचं सगळं भिंगार गाव गाडीच्या बॉनेटला हार घालतं; आमचे ड्रायव्हरमामा चारी चाकांना घालत. "पळत्यात चाकं आन् मिरवतंय बॉनेट? ह्यो कुठला न्याय?" झेंडू स्वतः ओवत, तोही नायलॉनच्या दोऱ्यात. फुलं गळाली तरी दोरा काढू देत नसत. "देवाचा हाय, आपसूक पडंल." लष्कराच्या कॅम्पात ड्रायव्हरकी करून निवृत्त झालेले हे आमचे शेजारी अख्ख्या गल्लीचेच मामा होते.

एका दसऱ्यानंतर गाडीत ब्रेकच्या ए-बी-एस यंत्रणेचा पिवळा दिवा लागला, तो विझेचना. हे कळताच पुण्याहून मुलाचा, सुनीलचा, फोन आला, "बाबा, वय झालं आता. रविवारी येतोय. दिवा दिसला तर गाडी विकणार." मामांचा चेहराच पडला. कोल्हार गावी त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. दर गुरुवारी स्वतः गाडी चालवत ते तिला भेटायला जात. मी एसटीनं जा म्हटलं तर उसळले, "ड्रायव्हर मानूस एसटीनं आला कळलं तर आक्का रडंल!"

शनिवारी मामांनी मला हाताशी घेऊन अंगणातच दुरुस्ती काढली. मामांनी फ्यूज बदलला, बॅटरीची टोकं घासली, ब्रेक ऑइल पाहिलं. दिवा ढिम्म! शेवटी वैतागून जॅक लावला, चाक काढलं. चाकाच्या वेगाची खबर देणारी बारीक वायर आत असते. तिच्याभोवती नायलॉनच्या दोऱ्याचा हा गुंता, आणि तिची पिन ओढली जाऊन बाहेर! मी मामांकडे पाहिलं.

"पर दोरा तुटला का?" मामा गंभीरपणे म्हणाले. "माल लई पक्का."

गुंता कापला, पिन बसवली, चाक चढवलं आणि चक्कर मारायला निघालो. कोपरा येईतो दिवा गेला. मामा खुशीत हॉर्न वाजवत होते, तेवढ्यात उजवीकडून भाजीचा टेम्पो आला. मी ओरडलो, "मामा, ब्रेक!" गाडी हातभर अंतरावर थांबली. मामांनी इंजिन बंद केलं. मग किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "टेम्पो मला दिसलाच न्हाई रे. सुनीलला बोलू नको."

सुनील आला, दिवा दिसला नाही, मुकाट्यानं परत गेला. तेव्हापासून दर गुरुवारी गाडी मी चालवायची आणि मामांनी शेजारी बसून मला शिव्या घालायच्या. वाटेत सुनीलचा फोन आला की म्हणत, "ठिव आता, ड्रायव्हिंग करतोय!" वर मला डोळा मारत. लबाड माणूस! पण फार लोभस.

मामा गेले, तेव्हा सुनील माझ्या गळ्यात पडून म्हणाला, "शेवटपर्यंत स्वतः गाडी चालवली बाबांनी."

मलाही रडू आवरत नव्हतं. "हो ना," मी म्हणालो, "आणि काय सुरेख चालवायचे!"