वडिलांचा आवाज, दुसऱ्याचं नाव

मी तेव्हा डोंगरकडा गावच्या दवाखान्यात नर्स होते. वसमतहून रोज एसटीने जाणं-येणं. मोबाईलवर गाणी ऐकायचे दिवस अजून आले नव्हते. बसमध्ये ऐकायला एक एमपीथ्री प्लेअर घ्यावा, असं मनात होतं. वसमतच्या एका दुकानात काडेपेटीएवढे प्लेअर गाणी भरूनच मिळत.

एका शनिवारी गेले. दुकानदाराने इयरफोन हातात दिला. "जयंतीची गाणी पण हायेत, मॅडम." मी एकेक पुढे ढकलत होते, आणि एकदम वडिलांचा आवाज कानात आला.

वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत आणि चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, गायनपार्टीत गात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका कॅसेटवाल्याने त्यांची गाणी रेकॉर्ड केली होती. शेवटच्या कडव्यात त्यांना खोकला आला, तो तसाच राहून गेला. आमच्या घरची कॅसेट टेपमध्ये गुंतून तुटली. पुढे कापसाच्या धुळीने त्यांचा गळा पार बसला. बोलणं कुजबुजल्यासारखं झालं. तो खोकला मी दुकानात उभी राहून ऐकला. प्लेअरच्या इवल्याशा पडद्यावर नाव होतं एका दुसऱ्याच, गाजलेल्या गायकाचं.

"हे माझे वडील आहेत," मी म्हणाले.

तो हसला. "नाव वाचा की, मॅडम."

"नाव खोटं आहे. बदला."

"सीडीच अशी येते वरून. या नावानं खपतं. एका गाण्यासाठी कोण बसून राहील? घ्यायचं तर घ्या."

मी प्लेअर काउंटरवर आपटला आणि निघाले. चार दिवस डोकं तडकलेलं होतं. घेतला तर चोराचं दुकान आपणच चालवायचं. नाही घेतला तर वडिलांचा आवाज तिथेच पडून राहणार, परक्याच्या नावाने. कामात लक्ष लागेना. बाळाला लस टोचून घ्यायला आलेल्या एका आईवर उगीच खेकसले, त्याची लाज अजून वाटते.

शेवटी वडिलांना सांगितलं. ते माझ्यावरच भडकले.

"मग आणलं काहून न्हाई?"

"चोरीचं आहे, बाबा."

"चोरी त्याची. आवाज माझा हाय न? इतक्या सालांनी सापडला, अन् तू सोडून आलीस?"

चपला घालून ते तसेच निघाले, मी मागोमाग. दुकानात ते इयरफोन लावून उभे राहिले. दुकानदाराने खुर्ची दिली, ती घेतली नाही. गाणं संपल्यावर ते म्हणाले, "नाव बदल."

"काय म्हणून राहिले हे?" त्याने मला विचारलं. वडिलांनी पुन्हा सांगितलं. आवाज काउंटरपलीकडेही पोचला नाही. दुकानातली दोन पोरं तोंड दाबून हसली.

मी ओरडले, "नाव बदला म्हणतात! गाणारा माणूस समोर उभा आहे तुमच्या!"

दुकानदाराने प्लेअर कॉम्प्युटरला जोडला आणि कीबोर्ड पुढे ओढला. वडिलांचं नाव लिहिलं, ते चुकीचं. मी उभी राहून एकेक अक्षर दुरुस्त करून घेतलं. वडिलांनी प्लेअर खिशात टाकला. तो घ्यायचा की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी नव्हताच.

पण नाव बदललं फक्त आमच्या प्लेअरवर. ज्यावरून सगळे प्लेअर भरले जात, त्या कॉम्प्युटरवर जुनंच होतं. "तिथंही बदला," मी म्हणाले. "करतो नंतर," तो म्हणाला.

मी कितीतरी शनिवार जाऊन बघत राहिले. बदललं नव्हतं. तेच गाणं त्याच खोट्या नावाने आसपासच्या गावांत, हट्ट्याला, कळमनुरीला, कुणाकुणाच्या खिशात जात होतं. एकदा मला बघून तो मोठ्या कौतुकाने म्हणाला, "मॅडम, तुमच्या वडिलांचं गाणं लई चालतं बरं का!"

माझा हात उठला होता. कसा आवरला, मला माहीत नाही. त्या दुकानात मी पुन्हा गेले नाही, आणि त्याला एक तरी थोबाडीत द्यायला हवी होती, असं आजही वाटतं.