पलंगाखालचे पिरॅमिड

शबानाभाभींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. "भाऊजी, नासिर गेले..." एवढंच बोलल्या. सकाळी इथे आखातात, सलमाबादच्या गोदामात कामावर गेलेला माझा मित्र दुपारी हॉस्पिटलात वारला, आणि संध्याकाळी आम्ही त्याला मनामाच्या कब्रस्तानात दफन करूनही आलो. महिना उलटला तरी माझा राग जात नाही. दुःख आहेच, पण राग जास्त आहे. दापोलीजवळ बांधलेल्या घरात राहायचं, राहायचं म्हणत हा माणूस इथल्याच मातीत जाऊन झोपला!

नासिरला एकच वेड होतं. युरोपातल्या जुन्या कारागिरांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली इजिप्तची चित्रं. मनामाच्या जुन्या बाजारात, जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात ती त्याला सापडायची. पहिलं दाखवलं तेव्हा मी हसलोच. पिरॅमिड देवळाच्या कळसासारखे उभेच्या उभे, आणि स्फिंक्स म्हणजे गुबगुबीत गालांची, कुरळ्या केसांची कुणी मडम! "अरे, कोरणारा इजिप्तला गेलाच नव्हता," नासिर खूश होऊन म्हणाला. "कुणीतरी येऊन सांगितलं, यानं घरात बसून काढलं. पण काय झोकात काढलंय बघ!"

मी म्हटलं, फ्रेम कर, भिंतीला लाव. तर म्हणे, "इथे कशाला? भाड्याची भिंत. गावच्या हॉलमध्ये लावू, इंशाल्ला." हेच उत्तर मी वर्षानुवर्षं ऐकलं. जिदहफ्सच्या त्याच्या फ्लॅटमध्ये भिंती कोऱ्या आणि पलंगाखाली अख्खा इजिप्त. नवा डिनर सेट खोक्यात, तोही गावासाठी. आणि गावचं घर कुलपात. सुट्टीत गेले की निम्मे दिवस जळमटं काढण्यात जायचे. भांडलो मी त्याच्याशी. "लेका, जगणार कधी?" तर नुसता हसायचा, चहा पुढे करायचा. डोकं फिरायचं माझं!

परवा भाभी फ्लॅट रिकामा करत होत्या. पलंगाखालून गठ्ठा निघाला. इथल्या दमट हवेनं कागदांवर पिवळे डाग पडलेले, काही चित्रं एकमेकांना चिकटलेली. स्फिंक्सवाली मडम त्यातल्या त्यात धड होती. मुलगा म्हणाला, "टेक इट, अंकल. डॅड वुड लाइक दॅट." भाभींनीही ते माझ्या हातात दिलं. "बाकीची मी गावी नेते... तिथेच लावायची होती ना त्यांना."

फ्रेम करून चित्र घरी आणलं. बायको म्हणाली, "छान आहे हो. आपल्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मस्त दिसेल. तोवर कपाटावर ठेवा."

मी हातोडी शोधली. घरमालकाला काय बोंबलायचं ते बोंबलू दे. सोफ्यासमोरच्या भिंतीत खिळा ठोकला आणि चित्र टांगलं. जरा तिरकं बसलंय... असू दे.

एवढंच होतं रे, नासिर. एक खिळा.