दाजींना सगळं दिसतं

आमच्या दाजींना दिसत नाही अशी वस्तू विधात्याने अजून घडवलेली नाही. निदान दाजींचं म्हणणं तसं आहे. त्र्यंबकेश्वरला जाताना धुक्यात पुढची गाडी दिसेना, तेव्हा दाजी मागच्या सीटवरून तिचा नंबर वाचून दाखवत होते. गंगापूर रोडच्या घराच्या बाल्कनीतून ‘आपल्या पिंपळगावचा बाळू आला’ म्हणून त्यांनी ज्याला वर बोलावून, आग्रह करकरून चहा पाजला, तो लाइटचं मीटर बघायला आलेला माणूस होता. तोही बिचारा चहा संपेपर्यंत बाळूच राहिला. चष्म्याचं नाव काढलं की दाजी म्हणतात, “मेव्हणे, द्राक्षाचा घड लांबून पाहून गोडी सांगणारा माणूस हाय मी!” माझी ताई ही दाजींची बायको. यावर ती फक्त त्यांच्या शर्टाचं भलत्याच काजात गेलेलं बटण काढून बरोबर काजात घालते.

अशा माणसाने द्राक्षांचं पॅकहाउस मुलाच्या हवाली केल्यावर चामड्याच्या शिलाईचा नाद धरावा, आणि तोही काळ्या चामड्याच्या, हे ओघानेच आलं. ताईला स्वतःच्या हाताने पर्स शिवून देणार, असं त्यांनी जाहीर केलं. तपकिरी चामडं घ्या, खुणा तरी दिसतील, असं मी सुचवलं. “तपकिरीवर कोणीबी शिवतं,” दाजी म्हणाले. भोकं सारख्या अंतरावर पडावीत म्हणून ते ताईच्या डिनर सेटमधला काटा चामड्याच्या कडेने दाबत जात. मग प्रत्येक खुणेत आरी टोचायची. पण काळ्यावर त्या खुणा उमटल्या तरी दिसायच्या नाहीत आणि आरी भलतीकडेच घुसायची. दाजींनी रांगोळी फासली, टाल्कम पावडर उधळली, कणीक चोळली. कणकेला मुंग्या लागल्या. “अहो, पर्स शिवताय की लाटताय?” ताईने विचारलं. हळदीने मात्र खुणा छान दिसल्या. फक्त पांढरा दोरा पिवळा झाला.

शेवटी ताईनेच टॉर्च आणली. वरून धरली तर काही दिसेना. कडेला, अगदी खाली, तिरपी धरली तेव्हा प्रत्येक खुणेत बारीकशी सावली पडली आणि अख्खी ओळ उठून दिसली. तेव्हापासून रोज संध्याकाळी ताई टॉर्च धरायची, दाजी आरी टोचायचे आणि दोघं भांडायची.

“जरा डावीकडे घ्या.”

“दिसतंय मला.”

“ती खूण नाही, मुंगी आहे.”

“माहीत हाय!”

खोटं कशाला सांगू, ही वादावादी ऐकायला मी मुद्दाम जात असे.

पर्सची एक बाजू शिवायची राहिली आणि ताईला लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला जावं लागलं. “बारशाला याल तेव्हा घेऊन या,” तिने जाताना बजावलं. “मी जुनी पर्स मिरवणार नाही.” दाजींनी छाती पुढे काढून होकार दिला. पण बारसं तोंडावर आलं तरी ती बाजू तशीच. मी वाकणाऱ्या मानेचा टेबललॅम्प नेऊन दिला. त्याच्या तिरप्या उजेडात खूण न् खूण मला स्वच्छ दिसत होती. दाजींनी वाकून पाहिलं आणि पर्स बाजूला सारली.

“नाय दिसत,” ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

मी ताईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पर्सशेजारी डब्याला तिरपा टेकवून ठेवला. लॅम्प दाजींनीच बंद केला. फोनच्या त्या मिणमिणत्या उजेडात चामडं कुठे संपतं तेही मला कळेना.

“अहो, मला नुसता छताचा पंखा दिसतोय,” ताई तिकडून म्हणाली. “तुम्हाला खुणा दिसतात का?”

“लख्ख!” दाजींनी आरी उचलली.

“मग जरा डावीकडे घ्या,” पंख्याकडे बघत ताई म्हणाली.

“दिसतंय मला,” दाजी म्हणाले आणि आरी टोचली.

बारशाला ताईच्या खांद्यावर ती पर्स होती. तीन बाजूंची शिवण सरळ, चौथीची घाटातल्या रस्त्यासारखी. कोणी पर्स पाहायला मागितली की ताई आधी चौथी बाजू दाखवायची.