चहाच्या चौदा पायऱ्या

पुढचा विचार केल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच होता, आणि माझं नशीब असं की तोच विश्रांतवाडीतला माझा घरमालक आणि तोच हडपसरच्या कंपनीतला माझा पहिला साहेब होता. कसब्यात लग्नाला जायचं, तर स्कूटर कुठल्या गल्लीच्या तोंडाशी लावायची, चपला कुठल्या दाराशी काढायच्या, अहेर जेवणाआधी द्यायचा की नंतर, हे सगळं ते घरीच ठरवून निघत. कुणी एखादा बेत सांगितला की त्यांचा प्रश्न ठरलेला, "आणि मग?" उत्तर दिलं की पुन्हा, "आणि मग?" तिसऱ्या फेरीला समोरचा बेतच रद्द करी. काकू म्हणत, "ह्यांनी मागणी घातली तेव्हा मीच विचारायला हवं होतं, आणि मग?"

मी वऱ्हाडातून नवा आलो तेव्हा मला साधा चहा येत नव्हता. "आपण संगणकाला शिकवायला आलात ना?" असं म्हणून त्यांनी मला सुवाच्य अक्षरात चौदा पायऱ्या लिहून दिल्या, 'भांडं घ्या'पासून 'कप बशीत ठेवा'पर्यंत. "संगणक तुमच्यासारखाच. सांगितलं नाही तर त्याला काही कळत नाही." त्या कागदावर मी चहा शिकलो आणि प्रोग्रॅम लिहायलाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. हातपाय वाचले, बोलणं वाचलं. डॉक्टर म्हणाले, आठवणी जागच्या जागी आहेत. पण एक पायरी मनात धरून दुसरीकडे जायचं काम मेंदूचा पुढचा भाग करतो, आणि मार तिथेच बसलाय. देवानं नेमकं तेच न्यावं, याचा मला अजून राग येतो. एकदा त्यांनी गॅसचं बटण फिरवलं, काड्यापेटी शोधत देवघरात गेले आणि ती सापडल्यावर निरांजनाच्या वाती वळत बसले. काडी ओढण्याआधी काकू शाळेतून शिकवून परतल्या, म्हणून घर राहिलं. परदेशातली मुलगी फोनवर रडली, "बाबांना काळजी घेणाऱ्या संस्थेत ठेवू या." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "एकट्यानं चहा करून दाखवतो. जमला तर मी घरी. नाहीतर तुम्ही म्हणाल तिथे."

जपून ठेवलेला तो कागद मी त्यांच्या ओट्यावर चिकटवला. रविवारी सकाळी ते एकेक पायरी वाचत, करत आणि पेन्सिलीनं खूण करत गेले. काकू आणि मी टेबलाशी बसलो होतो. चौदाही खुणा झाल्या. चहा फक्कड झाला होता. काकूंनी डोळे टिपले, आणि तेवढ्यात जळका वास आला. चहा गाळून त्यांनी भांडं पुन्हा शेगडीवर ठेवलं होतं आणि खाली गॅस पेटलेलाच होता.

मी कागद पाहिला. 'गॅस बंद करा' ही पायरीच त्यात नव्हती. चपलांचाही विचार करणाऱ्या माणसाकडून ती लिहायची राहिली होती. मलाही इतकी वर्षं ते दिसलं नव्हतं, कारण माझा हात न सांगता गॅस बंद करत आला होता.

"चूक कागदाची आहे, साहेब," मी म्हणालो.

"कागद माझाच ना?"

काकूंनी उठून गॅस बंद केला. साहेबांनी पेन्सिलीनं खाली पंधरावी पायरी लिहिली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि मग?" आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना उत्तर माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

पुढच्या रविवारी त्यांना संस्थेत पोहोचवायला मीच गेलो. कागद आता माझ्या ओट्यावर आहे. चहा मला पाठ आहे, तरी रोज ती पंधरावी ओळ वाचतो आणि मगच गॅस बंद करतो.